चपलांच्या स्टँडशेजारचं नेट

“आत नको. तिथेच बस, चपलांच्या स्टँडपाशी. तिथे छान रेंज येते.”

समोरच्या दारातल्या काकू असं म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. पूर्ण बंद नाही, फटभर उघडं ठेवून. नेट बाहेर यावं आणि मी आत जाऊ नये, एवढीच फट.

मी आमच्या घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन. उजव्या हाताला काकांच्या सँडल, काकूंच्या चपला, पावसाळी बूट, एक जुनी छत्री. पंखा नाही. जिन्याच्या खिडकीतून ऊन यायचं ते थेट स्क्रीनवर. लिफ्टचं दार उघडलं की माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग चपलांकडे, मग परत माझ्याकडे. घाम पुसत मी फोन घ्यायचे. “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

मदत. मी. चपलांशेजारी बसून.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या हेल्पलाइनवर काम करायचे. घरून. पेशंटचे फोन यायचे. कुणाला डॉक्टरची वेळ पाहिजे, कुणाचा रिपोर्ट अडकलाय, कुणाला डायलिसिसचं मशीन कुठे रिकामं आहे ते हवंय. मी कॉम्प्युटरवर बघायचे, नंबर लावायचे. मराठी, हिंदी, कामापुरती गुजराती. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. आवाजावरून कुणाला कळत नव्हतं की ही बाई कुठे बसलीय.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई, तुला कुणी सांगितलं होतं तिथे जाऊन बसायला?

आमची चाळ घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी. बिल्डरने ती पाडायला घेतली. नवीन बिल्डिंग उभी राहीपर्यंत बाहेर राहा म्हणाला, भाडं तो देणार. चाळीतली माणसं चार दिशांना पांगली. आम्हाला मुलुंडला, ईस्टला, एका सोसायटीत घर मिळालं. चौथा मजला, मागची बाजू. अकरा महिन्यांचा करार. घरमालक नाशिकला राहतात, त्यांना भाडं वेळेवर आलं की झालं. आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आईचे गुडघे पार कामातून गेलेत, त्यामुळे लिफ्ट आणि घरात संडास बघून ती एवढी खूश झाली की लिफ्टमधून उगाच दोनदा खालीवर करून आली.

घरात मिळवती मी एकटी. काम गेलं की चूल गेली, इतका साधा हिशोब. आणि कामाची अट एकच होती, घरात पक्कं नेट पाहिजे. मोबाईलचं नाही चालत. कंपनीची सिस्टीम मोबाईलचं नेट ओळखते आणि बाहेर फेकते. शिफ्टिंगसाठी मी आठवडाभर सुट्टी मागितली. टीम लीडर म्हणाली, “आठवडाच हां. पुढे सीट दुसऱ्याला जाईल यार, माझ्या हातात काही नाही.”

मला वाटलं एका फोनचं काम आहे. आजकाल भाजीवाल्याकडे पण नेट असतं! पण कसलं काय. एक कंपनी म्हणाली, वर्षाचाच प्लॅन मिळेल. दुसरी म्हणाली, घरमालकाला समोर उभं करा. तिसरीच्या यादीत आमची बिल्डिंगच नव्हती. सिमकार्डवाला एक डबा मिळतो, तेवढा कंपनीला चालतो, म्हणून तो पण आणला. मागच्या बाजूला उंच टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे घरात एकच दांडी दिसायची, ती पण कधीतरी. खिडकीत ठेवला, माळ्यावर ठेवला, आईने तर तो हातात धरून पूर्ण घर फिरवला. काही नाही.

शेवटी एक लोकल वायरवाला तयार झाला. दादा चांगला होता. म्हणाला, थोड्या महिन्यांसाठी पण देतो ताई, नो टेन्शन, फक्त सेक्रेटरीला विचारून ठेवा, वायर त्यांच्या डक्टमधून, वायरी वर नेतात त्या पोकळीतून, येणार.

सेक्रेटरी म्हणजे समोरच्याच दारातले काका. बँकेतून रिटायर झालेले. मुलगा परदेशात. घरात दोघंच, ते आणि काकू. मी बेल वाजवली, विचारलं. काका हसून म्हणाले, “अगं, त्यात काय एवढं? येतो ना संध्याकाळी, भोक कुठून पाडायचं ते बघतो.”

आले. आईने चहा टाकला. काका खुर्चीत बसले, गाव विचारलं. कोकण म्हटल्यावर खूश झाले. “वा वा, आमचंही मूळ कोकणच!” मग उठले आणि भोकाची जागा बघायला भिंतीकडे वळले. त्या भिंतीवर आमचा फोटो. निळ्या कोटातला, हातात संविधान धरलेला. दुसरं सामान बांधलेलंच होतं, पण तो फोटो आईने पहिल्याच दिवशी लावला होता.

काका फोटोसमोर थांबले. “अच्छा,” म्हणाले. मग परत, “अच्छा, अच्छा.” चहा आला तेव्हा ते दाराशी पोचलेले होते. “मला आता ॲसिडिटी होते गं चहाने.”

तोपर्यंत डक्टमध्ये जागा होती. दुसऱ्या दिवशी डक्ट भरलं.

वायरवाला दादा खांद्यावर भेंडोळं घेऊन आला आणि गेटवरच अडवला गेला. मी धावत खाली गेले. काका वॉचमनच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते.

“भाडेकरूंना नवीन वायर नाही. कमिटीचा निर्णय आहे.”

“काका, कालच तर तुम्ही हो म्हणालात.”

“काल बघितलं नव्हतं. डक्टमध्ये जाळं झालंय नुसतं.”

“माझी नोकरी आहे हो काका. वायर नसेल तर नोकरी जाईल.”

“अगं, तात्पुरते लोक तुम्ही. आज आलात, उद्या जाल. तुमच्यासाठी आम्ही भिंतींना भोकं पाडत बसू का?”

दुसऱ्या मजल्यावर पुण्याची दोन मुलं राहायची, भाड्यानेच. त्यांच्या दारावरून नवी कोरी पांढरी वायर आत गेलेली मी रोज बघत होते. हे मी काकांना बोलले नाही. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. का गिळलं? आवंढ्यासारखं गिळलं, सवयीने. आमच्याकडे ही सवय घरातच शिकवतात. घरमालकाला फोन केला तर ते म्हणाले, “ताई, सेक्रेटरीशी वाकडं घेऊ नका. माझं पार्किंग त्यांच्या हातात आहे.”

सुट्टी संपत आली होती. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होते. आईने बघितलं. आई इतकी वर्षं मुंबईत राहून अजून मालवणीतच बोलते. म्हणाली, “रडतस कित्याक? समोर मोठो डबो आसा नेटचो. मागूया.”

“आई, असं मागत नाही कुणी.”

“मागूक लाज कसली? नेटच मागूचा आसा, इस्टेट नाय.”

हिचं पण चुकलं नाही. चाळीत तसंच होतं. तुमच्याकडचं विरजण संपलं, तर वाटी घेऊन शेजारी जायचं. उद्या तिचं संपेल, ती येईल. दही कुणाचं, हा प्रश्नच नाही. नेट पण तसंच. वायफायचा डबा एका खोलीत, आणि पासवर्ड नळाच्या वरच्या भिंतीवर खडूने लिहिलेला. पाणी भरता भरता कुणीही वाचावा. बिल आळीपाळीने. एखाद्याला नाही जमलं तर पुढच्या वेळी. आईच्या डोक्यात नेट म्हणजे विरजण. अर्धा जन्म चाळीत काढलेल्या बाईच्या डोक्यात दुसरं काय असणार? तिला वाटलं, विरजणाला कोण नाही म्हणतं?

ती गुडघे धरत समोर गेली. मी मागे.

आणि काका हो म्हणाले! लगेच. हसतहसत. “हो हो, वापरा की! शेजारी ना आपण.”

मी म्हटलं, “काका, दर महिन्याचं अर्धं बिल मी देईन.”

“छे छे! पैसे कसले घ्यायचे? शेजाऱ्याकडून कुणी पैसे घेतं का?”

“नाही काका, प्लीज. घ्याच. मला बरं वाटेल.”

“नको म्हटलं ना.”

आईने हात जोडले. खोटं कशाला बोलू, मलाही झकास वाटलं. वाटलं, माणूस वाईट नाही, कमिटीपुढे त्याचं चालत नसेल. आईने तर घरी येऊन मला सुनावलं, “बघ, तू उगाच लोकांचो वायट विचार करतस.”

मी मोबाईल पुढे केला आणि पासवर्ड विचारला. काकांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. पाठ फिरवली. “मीच टाकतो,” म्हणाले. लॅपटॉपचंही तसंच. पासवर्ड मला कधीच कळला नाही. दर थोड्या दिवसांनी ते तो बदलायचे. मग सकाळी बेल वाजवायची, लॅपटॉप उघडून दोन्ही हातांनी पुढे धरायचा, आणि मान दुसरीकडे वळवून उभं राहायचं. एकदा चुकून नजर गेली तर काकू म्हणाल्या, “अगं, तिकडे बघ ना.”

नेट आमच्या घरात पोचत नव्हतं. मध्ये जाड भिंती. पोचायचं ते पॅसेजमध्ये, त्यांच्या दारापर्यंत. म्हणून ते स्टूल, आणि म्हणून तो चपलांचा स्टँड.

पहिल्या रविवारी आईने शिरवाळे केले. तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस. गुडघे दुखत असताना शेवयांचा लाकडी साचा दाबत बसली, सकाळपासून. कुणी काही दिलं की त्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि नेटचं तर भांडंच नाही, मग निदान डबा तरी भरून द्यावा, असं तिचं म्हणणं. आमचा सगळ्यात चांगला स्टीलचा डबा काढला. मी नेऊन दिला. काकूंनी दोन बोटांनी घेतला. “अगंबाई, कशाला त्रास.”

सोमवारी सकाळी मी स्टूल घेऊन आले तर डबा चपलांच्या स्टँडवर. वरच्या फळीवर, बुटांशेजारी. झाकण घट्ट, बाहेरून मुंग्यांची रांग. काकू दारात आल्या. “आमच्याकडे ना, बाहेरचं चालत नाही गं. राग नको मानू.”

त्याच दुपारी त्यांच्याकडे हॉटेलचं पार्सल आलं. डिलिव्हरीवाल्याने त्याच फळीवर ठेवलं. काकूंनी उचलून आत नेलं. आतून चमच्यांचा आवाज आला.

मी डबा घरी नेला. आईने उघडला, बघितलं, कचऱ्यात ओतला. घासला. परत घासला.  तिचा तो चेहरा बघून मला काय वाटलं ते कसं सांगू? डबा कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. पण मी काय केलं? स्टूल उचललं आणि परत जाऊन बसले. लॉगिनची वेळ झाली होती.

हळूहळू कामं सुरू झाली. “अगं, बसलीच आहेस तर कुरियर घे.” “गॅसवाला येईल, त्याला थांबव जरा.” आधी गोड आवाजात. मग गोडपणा पण गेला. एकदा काकूंनी गवारीची परडी आणून माझ्या पायाशी ठेवली. “तेवढी मोडून दे. तुला काय, बोलायचं तर तोंडाने. हात रिकामेच आहेत.”

मी गवार मोडली. कानात एक मुलगी तिच्या वडिलांच्या गाठीचा रिपोर्ट विचारत होती, रडत होती. मी तिला धीर देत होते आणि शिरा ओढत होते. दाराच्या फटीतून काकू ऐकत होत्या. फोन संपल्यावर म्हणाल्या, “कॅन्सर निघाला का गं त्यांना?” पेशंटची गोष्ट कुणाला सांगायची नाही हा आमचा पहिला नियम. मी कसनुसं हसून मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनी घ्यावं अशी.

नको म्हणायची सोयच नव्हती. पैसे घेतले असते तर मी म्हणू शकले असते, काकू, मी बिल भरते. पण पैसे त्यांनी घेतले नव्हते. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ज्याने पैसे नको म्हटलं त्याने मला विकत घेतलं होतं.

मग एका सकाळी नेट गायब. लॅपटॉपवर आजूबाजूच्या नेटची नावं दिसतात ना, ती यादी उघडली. कुणाचं आडनाव, कुणाच्या देवाचं नाव. आणि सगळ्यात वर एक नवीन, इंग्रजी अक्षरांत. फुकटे.

मला वाटलं कुणाच्या तरी पोराचा वाह्यातपणा. बेल वाजवली. काका हसतच बाहेर आले, चष्मा कपाळावर.

“दिसलं का? तुझ्यासाठी वेगळं काढलं. मी स्वतः केलं सेटिंग, कुणाला बोलावलं नाही. आता आमच्यावर लोड नाही, तुझं तू वापर.”

“काका, पण हे नाव…”

“अगं गंमत! थोडं हसावं माणसाने.”

आणि मी हसले. आग लागो त्या हसण्याला! दात दाखवले, लॅपटॉप पुढे धरला, मान वळवली. त्यांनी पासवर्ड टाकला. त्या दिवसापासून रोज सकाळी कामाला बसायचं म्हणजे त्या नावावर बोट ठेवायचं. मी, माझ्या बोटाने, रोज.

ते नाव मला एकटीला थोडंच दिसत होतं? अख्ख्या बिल्डिंगच्या मोबाईलवर दिसत होतं. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मोबाईल माझ्यासमोर धरला. “काय गं, ही तूच का?” त्या हसल्या, त्यांची मैत्रीण हसली. चौथा मजला यायला तेव्हा फार वेळ लागला. घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही. तिला इंग्रजी वाचता येत नाही, हे त्या दिवशी बरं वाटलं. आईला वाचता येत नाही याचं बरं वाटावं, इथपर्यंत मी आले होते.

तुम्ही म्हणाल, सोडायचं होतंस. कसं सोडू? दुसरं नेट नाही. नेट नाही तर काम नाही. घर बदलायचं तर परत डिपॉझिट, परत दलाल, परत तोच फोटो आणि तेच “अच्छा, अच्छा”. रोज सकाळी ठरवायचे, आज नाही बसायचं. रोज बसायचे.

चैत्रात काकूंचं हळदीकुंकू होतं. सकाळीच दारात येऊन म्हणाल्या, “आज संध्याकाळी बायका येणार आहेत. तू जरा वर जिन्यात बस हं. दारात बरं दिसत नाही.” मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. “तुम्हाला बोलावलं असतं गं. पण आई अशा… आणि तुम्हा लोकांत नसतंच ना हे.”

आई अशा म्हणजे विधवा. तुम्हा लोकांत म्हणजे आमच्यात. दोन वाक्यांत दोघींचा निकाल लावला.

मी वरच्या जिन्यात सरकले, चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. तिथेही नेट कसंबसं येत होतं. खालून आंबेडाळीचा वास, पन्ह्याचा वास, अत्तर, बांगड्या. स्टँड चपलांनी भरून वाहत होता. दार आज सताड उघडं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

तेव्हा तो फोन आला. कुणी वयस्कर गृहस्थ. बायकोचं डायलिसिस. नेहमीच्या सेंटरचं मशीन बंद पडलेलं, दुसरीकडे करा नाहीतर उद्या आणा म्हणून त्यांनी हात वर केलेले. बाईला दम लागतोय, पाय सुजून टम्म. “ताई, कुठंबी चालंल, पर आज लावा.” माणूस रडत नव्हता, पण आवाज फाटला होता. मी शोधलं. नाही, नाही, नाही, आणि मग ठाण्याला एक जागा सापडली. संध्याकाळची शेवटची. एक जागा, तिच्यावर आणखी कुणाचा हात पडायच्या आत धरायची.

“आजोबा, मिळाली! फोन ठेवू नका. पेशंटचं पूर्ण नाव सांगा.”

ते सांगू लागले, मी टाइप करू लागले.

खाली हॉलमध्ये सेक्रेटरीकाका बायकांना सांगत होते, “ॲप आहे हे. कुणाचं नेट कधी बंद करायचं, सगळं आपल्या बोटावर.” कुणीतरी विचारलं, “म्हणजे त्या समोरच्या मुलीचंसुद्धा?” काका म्हणाले, “हे बघा, आत्ता करून दाखवतो.”

माझ्या कानातला आवाज गेला.

स्क्रीन थिजली. अर्धं नाव टाइप झालेलं, तसंच. मी ओरडले, हॅलो, हॅलो, आजोबा, हॅलो! खाली हशा. बांगड्या वाजवत हशा. कुणीतरी म्हणालं, “अय्या, खरंच की!”

त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. पेशंटचे नंबर आम्हाला दिसत नाहीत. त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कळायचा काही मार्गच नाही. त्यांनी परत फोन लावला असेल, दुसऱ्या कुणीतरी उचलला असेल, जागा मिळाली असेल. असेल. मी मनाला हेच सांगते. मन ऐकत नाही.

मी उतरले. चपला ओलांडल्या आणि त्यांच्या उंबऱ्यावर उभी राहिले. इतक्या महिन्यांत त्या घराचा हॉल पहिल्यांदा पूर्ण बघितला. गौर झोपाळ्यात होती. समोर कलिंगडाचं कमळ कापून ठेवलेलं. बायकांच्या हातात वाट्या. काकांच्या हातात मोबाईल, चेहऱ्यावर अजून हसू.

 माझा आवाज कापला नाही. तो चांगला आहे म्हणतात ना.

“काका, आत्ता माझ्या फोनवर एक माणूस होता. त्याच्या बायकोला श्वास घेता येत नव्हता. मी तिचं नाव लिहीत होते. तुम्ही बंद केलंत.”

हसू गेलं. पण काका ते काका. “मला काय माहीत? सांगायचं नाहीस?”

“हे घ्या.” मी लॅपटॉप पुढे धरला. दोन्ही हातांनी नाही, एका हाताने. “तुमचं नेट यातून काढा. तुमच्या हाताने टाकलंत, तुमच्या हाताने काढा. मी मान वळवणार नाही.”

“अगं, एवढं केलं आम्ही तुमच्यासाठी!” काकू म्हणाल्या. “फुकट दिलं इतके दिवस!”

“मी पैसे देत होते काकू. तुम्ही घेतले नाहीत. पैसे घेतले असते तर हे नाव ठेवता आलं नसतं.”

काका उठले. “भाडेकरू आहेस, भाडेकरूसारखी राहा.”

“दुसऱ्या मजल्यावरची मुलं भाडेकरूच आहेत. त्यांना वायर आहे. मला नाही. का नाही, ते इथे सगळ्यांसमोर सांगा. माझ्या घरात भिंतीवर काय बघितलंत तेही सांगा.”

 तिसऱ्या मजल्यावरच्या बाई वाटीतली डाळ चमच्याने ढवळत राहिल्या. एकीनेही मान वर केली नाही. मला वाटलं होतं, निदान एक जण तरी म्हणेल, काका, हे बरोबर नाही. नाही म्हणालं कुणी. काकांनी लॅपटॉपवरून त्यांचं नेट काढलं.  मी परतले. माझ्या मागे दार लागलं. या वेळी फट न ठेवता.

त्यानंतर सगळं ठीक झालं असं वाटत असेल तर सांगते, काही झालं नाही. वायरवाला दादा दुसऱ्या दिवशी आला, गेटवरून परत गेला. का अडवताय ते लिहून द्या म्हटलं, तर काका म्हणाले, “आमच्याकडे लिहून द्यायची पद्धत नाही.” टीम लीडरने सांभाळून घेतलं, मग नाही घेतलं. सीट गेली. आता मी एका लॅबच्या काउंटरवर उभी असते. पगार कमी, येऊन-जाऊन जीव जातो, आई दिवसभर एकटी. घरमालकाचा फोन आला, “ताई, तुम्ही दुसरं घर बघितलंत तर सगळ्यांनाच सोपं.”

आईला मी सगळं सांगितलं. ते नाव वाचूनही दाखवलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मलाच ओरडेल. ती गुडघे चोळत राहिली.

“आमच्या वाडयेत पाणी असाच गावायचा,” ती म्हणाली. “विहिरीक हात लावूचो नाय. ते वरसून ओतीत, आमी खाली ओंजळ धरूची. कधी थांबवचा, ता ओतणाऱ्याच्या हातात. तहान भागली काय नाय, कोण इचारता?” मग म्हणाली, “माका वाटलेला, ता गावाक रवला.”

मलाही तसंच वाटलं होतं. गावाला राहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत राहिलं. आपण शिकलो, हेडफोन लावला, इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हटलं की संपलं. काही संपलेलं नाही. मी त्यांच्या दारात ओंजळच धरून बसले होते, आणि तिला वायफाय म्हणत होते.

आई म्हणाली, “चल, जावया खयतरी.”

मी नाही म्हटलं. करार आहे, भाडं जातंय, शेवटच्या दिवसापर्यंत मी याच घरात राहणार. वायर मिळाली तर जुनं काम परत मिळेल असंही नाही, ती सीट भरली. तरी मला वायर पाहिजे. माझ्या नावाची, माझ्या पैशांची, माझ्या दारातून आत आलेली. कुणाचा उपकार नको, कुणाची फट नको. रविवारी मला सुट्टी असते. वायरवाल्या दादाला मी सांगून ठेवलंय, दर रविवारी यायचं. तो म्हणाला, “ताई, ते परत अडवतील.” मी म्हटलं, अडवू देत. पण आता मी दादाबरोबर गेटवरच उभी राहणार, वॉचमनकडून निरोप चालणार नाही, आणि डक्टचं नावही चालणार नाही. दर रविवारी काकांना चार मजले उतरून खाली यावं लागेल, सगळ्या बिल्डिंगच्या देखत माझ्या तोंडाकडे बघावं लागेल, आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हणावं लागेल.

मी ऐकायला उभी असेन.